दुर्गाबाईंच्या घरचं वाचन

शाळा सुटल्यावर एस. टी. स्टँडच्या कडेनं घराकडे येताना दुर्गाबाईंच्या कानावर पडलं की कुणीतरी बाई एका लेकराला फाडून खाते आहे. आवाज सैफुद्दीनच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून येत होता, म्हणून त्यांना वाटलं, रेडिओवरची श्रुतिका असेल. पातळ, नाकातला, ऐकणाऱ्याला खरचटेल असा आवाज. "किसा गोतमी आपलं मेलेलं मूल कडेवर घेऊन... बोट ठेव. बोट कुठं हाय तुयं? डोये फुटले का?" मग फाटकन काही वाजलं आणि लगेच तोच आवाज, जणू मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात, पुढं वाचू लागला: दारोदार फिरू लागली. कोण ही कजाग, असं बाईंच्या मनात आलं. पोर मेलेल्या बाईची गोष्ट वाचते आणि स्वतःच्या पोराला हाणते. त्या दोन पावलं पुढं गेल्यासुद्धा. मग पाय आपोआप थांबले. तो उतारा, 'फिरू लागली' नंतर दम घ्यायची ती जागा, हे सगळं त्यांच्या घरातलं होतं, आज पहाटेचं होतं, आणि ती कजाग बाई म्हणजे खुद्द दुर्गाबाई होत्या.

माणसाला आपला आवाज आतून ऐकू येतो आणि आतून तो भरदारच वाटतो. मालेगावच्या कन्या शाळेत बारा वर्षं मराठी शिकवताना दुर्गाबाईंचा समज असा होता की आपण वाचायला लागलो की वर्ग गप्प होतो तो आवाजामुळं. एकदा तपासणीला आलेले साहेबसुद्धा म्हणाले होते, बाई, तुमचं वाचन म्हणजे ऐकत राहावं. आणि हे 'तुयं', हे 'डोये'! डी.एड.च्या वसतिगृहात आरशासमोर उभं राहून त्यांनी ही बोली तोंडातून खरवडून काढली होती. घरात, बाजारात, माहेरी रिठदला गेल्यावरसुद्धा त्या पुस्तकातल्यासारखं बोलत आणि भावजया पाठीमागं हसत. त्या खरवडलेल्या बोलीचा गाळ राग आला की वर येतो हे त्यांना आज, भर दुपारी, मालेगावच्या स्टँडवर कळत होतं. वाशीमची गाडी लागली होती, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते, आणि कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं. हा तेवढा उपकार.

दुकानात गंगू होती. त्यांची स्वतःची, तेरा वर्षांची, सातवीतली गंगू. लाकडी खोक्यावर बसून, डोळे मिटून, समोरच्या काळ्या यंत्राला जवळजवळ कान लावून ती ओठ हलवत होती. कथलाच्या धुराचा वास येत होता. सैफुद्दीन एका उघड्या रेडिओत डोकं घालून बसला होता आणि त्याची पोरगी अख्तरी, ती पण सातवीतलीच, दाराशी बसून गृहपाठ करत होती. तिनंच पहिल्यांदा बाईंना पाहिलं आणि 'अब्बा' म्हटलं. सैफुद्दीननं हात लांब करून खटका दाबला. दुर्गाबाईंचा आवाज अर्ध्या शब्दावर मेला.

"या ना बाई, बसा."

"हे काय आहे?"

"टेप हाय. कोन्या ठेकेदारानं दुरुस्तीले टाकला, दोन वर्सं झाले, फिरून आलाच नाही. पडून होता. दौलतरावले देल्ला. म्हटलं, पोरीच्या कामी येऊन जाईन."

म्हणजे नवऱ्याचा हात होता. दौलतराव, एस. टी.तला कंडक्टर, घरात मोठ्यानं न बोलणारा माणूस, पहाटे धान्याच्या कोठीमागं हे यंत्र ठेवून निमूट ड्युटीवर जात होता. "मला न विचारता माझा आवाज भरून घेतला तुम्ही?" दुर्गाबाई म्हणाल्या. सैफुद्दीननं डाग द्यायची तापलेली कावी विटेवर टेकवली. "इचारलं असतं तं तुमी हो म्हनलं असतं का?" मग जरा नरम येऊन म्हणाला, "माहा भाऊ चांद, जलमाचा आंधया. पुरं कुरान त्याच्या छातीत हाय. निस्तं ऐकून. त्याले कोनी ठग नाही म्हनत बाई, हाफिज म्हनते."

"तो आंधळा आहे. हिला दोन डोळे आहेत चांगले. अकोल्याला नेऊन तपासून आणलेत."

"हायेत ना. पन ते तिचे हायेत, तुमचे नाहीत."

दुर्गाबाईंनी यंत्राचं झाकण उघडलं, आतली कॅसेट काढून पिशवीत टाकली आणि गंगूचं मनगट धरलं. "आई, ते नको नेऊ," गंगू म्हणाली. "अजून आर्धं राह्यलं माह्यं."

आर्धं कशाचं राहिलं होतं ते वस्तीतल्या कुणालाही सांगता आलं असतं. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज दिवेलागणीला ग्रंथ वाचला जाई. पांढऱ्या कपड्यानं झाकलेल्या चौरंगावर ग्रंथ, बाजूला मेणबत्ती, समोर साठसत्तर माणसं, आणि रोज एका घरचं वाचन. ज्या घरचं वाचन त्या घरानं वाचक द्यायचा आणि शेवटी खीर वाटायची. ज्या घरात कुणालाच वाचता येत नसे त्या घराची मान त्या दिवशी खाली असे. शेजारचा वाचक मागून आणावा लागे. दुर्गाबाईंच्या घराचं नाव आलं की लोक अर्धा तास आधी येऊन पुढं बसत. आणि ह्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, विहाराचे चिटणीस इंद्रभान, पंचायत समितीतले कारकून, यांना सुधारणा सुचली. आता मोठ्यांनी नाही, घरातल्या पोरांनी वाचायचं. "बाई, तुमच्या गंगूचं पान तं मी मुद्दाम सनिवारी ठेवलं," ते म्हणाले होते. "त्या दिवशी गर्दी रायते." बाई हसल्या होत्या. घरी येऊन त्याच रात्री त्यांनी गंगूला पुस्तकासमोर बसवलं होतं.

कारण गंगूला वाचता येत नव्हतं. शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सोबतच्या बाईंची पोरगी म्हणून दरवर्षी तिला वर ढकलत होते. वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं आणि सगळे बोलत होते: बाईची पोरगी, तिचं काय पाहावं! आठ वर्षं दुर्गाबाई त्या पोरीच्या डोक्यात अक्षरं घालत होत्या आणि अक्षरं सकाळी घातली की संध्याकाळी नाहीशी होत. घ आणि ध तिला एकच दिसत. म आणि भ एकच दिसत. शब्दाचं पहिलं अक्षर ओळखायची आणि बाकीचा शब्द मनानं बनवून मोकळी व्हायची. ओळ संपली की खालची सोडून तिसरीवर उतरायची. आणि हीच पोरगी एकदा ऐकलेलं विसरत नसे. मागच्या मार्गशीर्षातल्या लग्नात कोण कुणाला काय म्हणालं ते आवाजासकट सांगायची. म्हणजे डोकं होतं! म्हणूनच तर दुर्गाबाईंचा संताप होई. डोकं नसतं तर त्यांनी कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं. डोकं असून जी वाचत नाही ती वाचायला तयार नाही, एवढं सरळ होतं, आणि आळसावर छडी हा उपाय त्यांनी दुसऱ्यांच्या पोरींवर केला होता तसा आपल्या पोरीवरही केला. पक्षपात नको म्हणून जरा जास्तच केला.

घरी आल्यावर त्यांनी गंगूला समोर बसवलं, कॅसेट काढली, आणि तिच्यातली तपकिरी फीत नखानं उचकटून ओढायला सुरुवात केली. ओढेल तेवढी येत होती. गुळगुळीत, गार, सरसर आवाज करत मांडीवर ढीग पडत होता. ह्यात कुठंतरी त्यांचा तो नाकातला आवाज होता, ती चापट होती, आणि बोटाला काहीच लागत नव्हतं. गंगू रडली नाही. ती फक्त बघत होती, आणि ते बघणं बाईंना सहन होईना. "ऐकून काय होतं?" त्या म्हणाल्या. "ऐकून पोपट होतो. माणूस वाचून होतो." गंगू म्हणाली, "मले समजते पन, आई. तू वाचलं तं समजते. मी वाचलं तं काहीच समजत नाही."

ऐकणं म्हणजे काय ते ह्या पोरीला कुणी सांगायचं? रिठदच्या शाळेत दुर्गा नावाची सहा वर्षांची मुलगी ओसरीवर बसत असे. आत बाकीची पोरं, बाहेर ही आणि तिच्यासारखी दोन. गुरुजींना दिसायची नाही, गुरुजी तिला दिसायचे नाहीत. फळा दिसायचा तो दाराच्या चौकटीतून अर्धा, आणि त्या अर्ध्या फळ्यावर शब्दांच्या शेपट्या तेवढ्या असायच्या. उरलेलं सगळं कानानं गोळा करायचं. आतली पोरं पाढे म्हणत, ही बाहेर ओठ हलवी. पावसाची झड आली की अंग चोरून भिंतीला चिकटायचं आणि तरी ऐकायचं. बाप उकंडराव, दुसऱ्याच्या वावरात राबणारा, छप्पन साली दीक्षा घेऊन आला तो चाळिशीत पाटी घेऊन बसला, पोरीसमोर. त्याच्या बोटांना खडू धरवत नसे. स्वतःचं नाव लिहिता आलं त्या दिवशी त्यानं ते दारावर, बैलाच्या गोठ्यावर, पाण्याच्या रांजणावर लिहिलं. दुर्गाबाईंच्या हिशेबी जगात दोनच जागा होत्या: आतली आणि ओसरीवरची. वाचणारे आत, ऐकणारे ओसरीवर. बापानं आणि त्यांनी दोघांनी मिळून जो उंबरठा ओलांडला होता त्याच्या बाहेर ही पोरगी आपल्या पायानं जाऊन बसली होती, डोळे मिटून, ओठ हलवत, आणि एक कंडक्टर आणि एक रेडिओवाला तिला बसायला खोकं देत होते. ह्याला मदत म्हणायचं! दुर्गाबाईंनी ढीग उचलून चुलीत घातला. घाणेरडा काळा धूर झाला आणि रात्रीच्या भाकरीला त्याचा वास लागला.

दौलतराव तोच घास चावत म्हणाले, "पंचशील कोन वाचून म्हनते? पुरी वस्ती पाठच म्हनते."

"ते म्हणतात पाठ आणि सांगतात पाठ. ही ग्रंथ समोर धरून वाचल्याचं सोंग करणार. मुसावादा वेरमणी म्हणायचं, खोटं बोलणार नाही अशी शपथ घ्यायची, आणि दुसऱ्या मिनिटाला खोटं वाचायचं. तेही माझ्या घरच्या वाचनाला."

"मंग इंद्रभानले सांगून दे, पोरगीले येत नाही म्हनून. तू वाच."

ते मात्र बाईंना होत नव्हतं. त्यांनी चार वेळा इंद्रभानच्या घराकडे जायला चप्पल घातली आणि चार वेळा काढली. खोटं नको, आणि खरं सांगायलाही जीभ उचलत नाही, अशी त्यांची गत झाली होती. "वाचेल ती," त्या म्हणाल्या. "तीन दिवस आहेत. बोट ठेवून वाचेल." दौलतरावांनी ताट सरकवलं. "तुले पोरगी वाचायले पायजे का लोकायनं तुले बाई म्हनायले पायजे, ते एकदा ठरव." पंधरा वर्षांच्या संसारात एवढं लांब वाक्य त्यांनी क्वचितच उच्चारलं असेल. दुर्गाबाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. दाखवण्यात त्या पटाईत होत्या.

तीन पहाटे गंगू पुस्तकासमोर बसली. बोट ठेवलं. तोंड उघडलं नाही. दुर्गाबाई ओरडल्या, छडी घेतली, ठेवली. स्वतः मात्र एक ओळही वाचून दाखवली नाही. मग कोठीमागं वाकून बघितलं, परत वाकून बघितलं, आणि आपण आपल्याच घरात चोर शोधतो आहोत याची लाज वाटून अधिकच ओरडल्या. आता प्रत्येक शब्द त्यांना बाहेरून ऐकू येत होता. पातळ, नाकातला. वर्गातही. एका पोरीला 'उभी राहा' म्हणताना त्या मध्येच थांबल्या आणि वर्ग त्यांच्याकडं बघत राहिला. शाळेतून येताना त्यांनी स्टँडची वाट सोडली आणि मागच्या गल्लीनं लांबून जाऊ लागल्या. गंगू संध्याकाळी कुठं जाते हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, ही भीती होती.

शनिवारी विहार भरला. पत्र्याखाली उकाडा होता, बायका पुढं, पुरुष मागं, दाराशी म्हातारे. गंगूनं पांढरी साडी नेसली होती. ती दुर्गाबाईंच्याच पेटीतली, खांद्यावरून घसरत होती. दुर्गाबाई पहिल्या रांगेत बसल्या, चौरंगापासून हातभर. त्रिसरण झालं, पंचशील झालं. चौथं, खोटं न बोलण्याचं शील सगळ्यांबरोबर म्हणताना बाईंनी पोरीकडं पाहिलं. ती शांतपणे म्हणत होती. इंद्रभाननं ग्रंथ उघडून दिला, खुणेची फीत बाजूला केली, आणि गंगूनं पानावर बोट ठेवलं. दुर्गाबाई पुढं सरकल्या. अडली तर? पहिल्याच ओळीत अडली तर? आणि त्यांच्या लक्षात आलं की ती अडेल म्हणून त्या घाबरल्या नव्हत्या. ती अडावी म्हणून त्या वाट बघत होत्या.

गंगू अडली नाही. किसा गोतमी नावाची एक गरीब स्त्री होती. स्पष्ट, मोकळं, शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत जाईल असं. बोट ओळीवरून सरकत होतं, जवळजवळ बरोबर सरकत होतं. पहिल्या दोन वाक्यांत दुर्गाबाईंना कळलं की हा आपला दम आहे, आपली थांबायची जागा आहे, आपलाच 'स्त्री'वरचा जोर. फक्त नाकातलेपणा नव्हता. तेवढा तिनं गाळून घेतला होता. गोतमी आपलं मेलेलं मूल कडेवर घेऊन... आणि इथं गंगू थांबली. पूर्णविराम नव्हता, स्वल्पविराम नव्हता, दम घ्यायची जागा नव्हती. बाकीच्यांना वाटलं पोरीचा गळा दाटला. कुणीतरी बाई हळूच हुंदकली. एका चापटीपुरती थांबून गंगू पुढं गेली: दारोदार फिरू लागली.

दुर्गाबाईंनी मान खाली घातली. अंगावरून काहीतरी सरसर गेलं आणि त्याला त्यांनी राग हेच नाव दिलं, कारण दुसरं नाव त्यांच्याकडं नव्हतं. आता अर्धं येईल, त्यांनी स्वतःला सांगितलं. फीत मी जाळली. अर्धं तिच्याकडं नाही. गोतमी बुद्धांकडे आली, त्यांनी मोहरी आणायला सांगितली, ज्या घरी कुणी मेलं नाही अशा घरची. पान तिथं संपत होतं. बाईंना ते पान तळव्याच्या रेषांसारखं माहीत होतं. गंगूचं बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचलं. आणि गंगू बोलतच राहिली. पान न उलटता. बोट पानाच्या खालच्या कोऱ्या जागेवर थांबलं आणि गोष्ट पुढं निघाली, पलीकडच्या पानावरची, शब्दन् शब्द, फक्त आता चाल निराळी होती. आता कुठंही घाई नव्हती, जोर नव्हता. 'घर'मधला घ घशातून आल्यासारखा आणि वाक्याच्या शेवटी आवाज जरासा वर नेऊन सोडलेला. अख्तरीची चाल. सातवी ब मधली अख्तरी, जिच्या वाचनाला बाई नेहमी 'बरं आहे' एवढंच म्हणत. म्हणजे रेडिओच्या दुकानात बसून त्या दोन पोरींनी उरलेलं अर्धं भरून घेतलं होतं. एकीनं वाचलं, दुसरीनं ऐकलं, कुणी कुणाला मारलं नाही. यंत्राला पान नसतं. पान उलटायचं असतं हे कॅसेटमध्ये कुठून येणार?

इंद्रभान चष्मा वर करून बघू लागले होते. त्यांच्या लक्षात आलं होतं की येणार होतं? दुर्गाबाईंना फक्त हात लांब करायचा होता. एवढंच, एक पान उलटायचं. आई पोरीसाठी तेवढं करतेच, कुणाला काही वाटलं नसतं. हात उचललाही. पण त्या हाताबरोबर त्या उठून उभ्या राहिल्या, आणि पान उलटण्याऐवजी त्यांनी गंगूच्या बोटाखालून ग्रंथच काढून घेतला आणि मिटला. त्यांचा आवाज छातीपर्यंत आला होता: हिला वाचता येत नाही, हे सोंग आहे, माझ्या बापानं चाळिशीत पाटी धरली ती यासाठी नाही. भरलेल्या विहारात हे सगळं त्या म्हणणार होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना स्टँडवरचा तो आवाज आधीच ऐकू आला. तोंड तसंच राहिलं.

गंगूनं मान वर केली. समोर ग्रंथ नव्हता, बोट कोऱ्या पांढऱ्या कपड्यावर होतं. तिनं ते उचललं, हात मांडीत घेतले आणि आता लोकांकडं बघत ती पुढं सांगू लागली. पहिल्या घरी गोतमीनं विचारलं, ह्या घरी कुणी मेलं नाही ना? घरचे म्हणाले, बाई, जिवंत थोडे, मेलेलेच जास्त. दुसऱ्या घरी विचारलं. आवाज थोडा वर चढला होता. साठसत्तर माणसं होती. त्यातल्या किती जणांना ग्रंथ समोर आहे की नाही याचं पडलं होतं? बायकांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्यासाठी तो ग्रंथ कधी कागदाचा नव्हताच. इंद्रभाननं चष्मा खाली केला आणि कान पुढं केला.

ग्रंथ छातीशी धरून दुर्गाबाई चौरंगापुढं उभ्या होत्या, एकट्या. मागून चंपाबाई, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी, अंगठा उठवणारी, जरा त्रासून म्हणाली, "बाई, बसा ना खाली. पोट्टी दिसून नाही राह्यली."

दुर्गाबाई बसल्या. मांडीवर ग्रंथ घेऊन त्यांनी तो उघडला आणि पोरीनं गाठलेली जागा शोधू लागल्या. एक पान मागं, दोन पानं पुढं, बोट ठेवून, ओळीखाली ओळ. गंगू तिसऱ्या घरी पोचली, चौथ्या घरी पोचली, आणि दुर्गाबाईंना ओळ सापडेना.